काकडी आणि भोपळ्याच्या वेलांवरील कीड: घरच्या बागेत कोणते काम कधी करावे

बोटाएवढ्या काकडीच्या सालीवर डिंकाचा बारीक थेंब दिसला की बहुतेक जण त्याच संध्याकाळी निंबोळी तेल फवारतात. परंतु तो थेंब दिसतो तेव्हा फळमाशीने अंडी सालीखाली घातलेली असतात आणि वरून मारलेले कोणतेही द्रावण तिथवर पोहोचत नाही. फळ पुढे वाकडे होते, आतून सडते, आणि दोष मात्र औषधाला दिला जातो. खरे तर औषध बरोबर असते, वेळ चुकलेली असते. काकडी-भोपळ्याच्या कुळातील वेलांवरच्या प्रत्येक किडीला अडवण्याची एक ठरावीक वेळ असते, ती वेलाच्या वयावरून ठरते, आणि नुकसान डोळ्यांना दिसू लागेपर्यंत ती बहुधा टळून गेलेली असते. म्हणून पुढील टप्पे वेलाच्या वयाप्रमाणे लावले आहेत. हीच पद्धत काकडी, लाल भोपळा, झुकिनी, दुधी, दोडका आणि कारले या सर्वांना लागू पडते. जिथे फरक आहे तिथे तो सांगितला आहे.

टप्पा १: पेरणीपूर्वीची तयारी

सर्वांत आधी जागा ठरवावी. ज्या वाफ्यात मागील हंगामात याच कुळातील कोणताही वेल होता, त्या वाफ्यात पुन्हा तो लावू नये. लाल भुंगेऱ्याच्या अळ्या मातीत राहून मुळे खातात आणि मातीतच कोष करतात; फळमाशीची अळीदेखील पूर्ण वाढल्यावर फळातून बाहेर पडून मातीच्या वरच्या थरात कोषावस्थेत जाते. म्हणजे जुन्या वाफ्यात बी टाकताना आपण बहुधा शत्रूच्या दारातच रोप लावत असतो. काकडीच्या जागी भोपळा लावला की पीक बदलले, असे समजणे ही इथली नेहमीची चूक आहे. किडीच्या दृष्टीने दोन्ही एकच होत.

जागा बदलणे शक्यच नसेल, तर वाफा १५ सेंमी खोलपर्यंत खणून माती उलटीपालटी करावी आणि दोन-तीन आठवडे उन्हात तापू द्यावी. कुंडीत लावणाऱ्यांनी माती बदलणे उत्तम.

पेरणीच्या दिवशी शोधाशोध होऊ नये म्हणून पुढील वस्तू आधीच जमवून ठेवाव्यात: कीटकरोधक बारीक जाळी, तिला आधार देणाऱ्या कमानी, पिवळे चिकट सापळे, फळांसाठी कागदी किंवा पातळ कापडी पिशव्या, रुंद तोंडाचे एक भांडे आणि पानाची पालथी बाजू भिजवता येईल असा, तोंडाकडे वाकलेल्या नळीचा छोटा पंप. पांढऱ्या माशीला अडवायचे असेल तर जाळी ४० मेशची (म्हणजे एका इंचात ४० छिद्रे) किंवा त्याहून बारीक असावी. भुंगेरे आणि फळमाशी त्याहून जाड विणीच्या जाळीनेही अडतात.

खताबाबत एकच सूचना पुरेशी आहे. नत्राचा मारा केलेल्या वेलाची पाने कोवळी, रसाळ आणि गडद होतात, आणि माव्याची, म्हणजे पानांचा रस शोषणाऱ्या बारीक किडीची, वसाहत अशाच पानांवर सर्वांत वेगाने वाढते. चांगले कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट आधी मिसळून द्यावे आणि वाढीच्या काळात युरियाचा मोह टाळावा.

टप्पा २: पेरणी आणि जाळी एकाच दिवशी

जाळी ‘रोपे जरा मोठी झाली की’ घालायची नसते. लाल भुंगेरा पहिला हल्ला बीजदलांवर, म्हणजे बी फुटल्यावर उघडणाऱ्या दोन जाड पानांवरच करतो, आणि ती दोन पाने गेली की रोप बहुधा मरते. बी टाकल्यावर पाणी द्यावे, कमानी रोवाव्यात, जाळी पसरावी आणि तिच्या चारही कडा मातीत पूर्णपणे दाबाव्यात. दगड किंवा विटा ठेवून भागत नाही, कारण दोन विटांमधल्या बोटभर फटीतून भुंगेरा सहज आत येतो.

> इशारा: कीड असलेल्या जुन्याच वाफ्यावर जाळी घालू नये. मी एकदा जागेअभावी तसे केले होते. दहाव्या दिवशी जाळीच्या आतल्या बाजूला सात-आठ लाल भुंगेरे चिकटलेले दिसले आणि खाली एकाही रोपाचे बीजदल शाबूत नव्हते. ते बाहेरून आलेले नव्हते. मातीतल्या कोषांतून निघाले होते आणि माझ्याच जाळीने त्यांना रोपांसोबत कोंडून ठेवले होते.

रोपे आधी वेगळी तयार करणे हा दुसरा चांगला मार्ग आहे. या वेलांच्या मुळांना धक्का सहन होत नाही, म्हणून बी कागदी पेल्यात लावावे आणि दोन-तीन खरी पाने आल्यावर पेला फाडून मातीच्या गोळ्यासह रोप वाफ्यात बसवावे. लावल्यानंतर जाळी मात्र त्याच दिवशी घालावी.

मावा आणि पांढरी माशी यांचा त्रास दरवर्षी होत असेल, तर रोपाभोवती चंदेरी आच्छादन अंथरावे. त्यावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशामुळे उडते कीटक पानावर उतरण्यास बिचकतात. वेल पसरून आच्छादन झाकले गेले की हा परिणाम संपतो, परंतु वेलाचे सर्वांत नाजूक दिवस तोपर्यंत पार पडलेले असतात.

टप्पा ३: पहिले तीन आठवडे, लाल भुंगेरा

पानांवर वाटोळी भोके पडली आणि जवळपास नारिंगी-लाल रंगाचा, सात-आठ मिलिमीटर लांबीचा, चकचकीत भुंगेरा दिसला, तर ओळख पक्की समजावी. त्याला टिपण्याची वेळ सकाळची, ऊन पडण्यापूर्वीची. त्या थंडाव्यात तो सुस्त असतो. नऊ-दहानंतर हात जवळ नेताच उडून जातो. रुंद तोंडाच्या भांड्यात साबणाचे पाणी घ्यावे, ते पानाखाली धरावे आणि पान हलकेच झटकावे. पाच-सहा वेलांच्या बागेत हे दहा मिनिटांचे काम आहे आणि या अवस्थेत ते कोणत्याही फवारणीपेक्षा अधिक भरवशाचे ठरते, मात्र सलग आठ-दहा दिवस रोज करायला हवे. दोन दिवस करून तिसऱ्या दिवशी सोडले, तर मादी वेलाच्या बुडाशी ओल्या मातीत अंडी घालते आणि पुढची पिढी मुळांवर सुरू होते.

> तपासणी: पाने हिरवी आणि धडधाकट असूनही माती ओली असताना वेल दुपारी मान टाकत असेल, तर खोडाजवळची माती बोटाने अलगद बाजूला करून पाहावी. मुळाशी पांढुरक्या, तपकिरी डोक्याच्या अळ्या दिसल्या तर लाल भुंगेऱ्याची पुढची पिढी तिथे वाढते आहे, असे समजावे.

वेलाला पाच-सहा खरी पाने आली की चिंता निम्म्याने कमी होते. वाढत्या वेलाची पाव हिस्सा पाने कुरतडली गेली तरी उत्पन्नात फारसा फरक पडत नाही. मोठ्या वेलावर चार भुंगेरे दिसले म्हणून फवारणी करणे हे अनावश्यकच नव्हे, तर पुढे सांगितलेल्या कारणांमुळे घातक आहे.

टप्पा ४: आठवड्यातून दोनदा पान उलटून पाहणे

वरवर हिरव्या दिसणाऱ्या वेलावरही पानाच्या पालथ्या बाजूला वसाहत असू शकते. आठवड्यातून दोन ठरावीक दिवशी प्रत्येक वेलाची एक जुनी, एक मधली आणि एक शेंड्याकडची अशी तीन पाने उलटून पाहावीत. भिंग असल्यास उत्तम.

*मावा.* कोवळी पाने आतल्या बाजूला वळतात, खाली हिरवट-काळ्या बारीक किडींची दाटी असते आणि पान चिकट लागते. प्रथम फक्त पाण्याचा जोरदार फवारा खालून मारावा, आणि तो सकाळी, म्हणजे पाने दिवसभरात वाळतील व बुरशीला निमंत्रण मिळणार नाही. वेलावर मुंग्यांची रांग दिसत असेल तर आधी मुंग्या अडवाव्यात, कारण गोड स्रावासाठी त्या माव्याची राखण करतात आणि त्याच्या शत्रूंना हुसकावून लावतात.

*पांढरी माशी.* वेल हलवताच पांढरा भुरका उडतो. पिवळे चिकट सापळे वेलाच्या शेंड्याच्या उंचीवर लावावेत आणि वेल वाढेल तसे वर सरकवावेत. एकदा लावलेला सापळा महिनाभर गुडघ्याच्या उंचीवरच लोंबत ठेवणे ही अनेक बागांत दिसणारी चूक आहे. सापळ्याने कीड संपत नाही. तिची सुरुवात आणि वाढ कळते.

*नागअळी.* पानात पांढऱ्या, नागमोडी रेषा. दिसायला भयंकर, नुकसान किरकोळ. बुडाकडची दोन-चार पाने तोडून टाकावीत आणि थांबावे. पानाच्या आत असलेल्या अळीला वरचे औषध सहसा लागत नाही. तिच्यावर जगणाऱ्या बारीक गांधीलमाश्या मात्र त्याने मरतात.

*लाल कोळी.* हा कीटक नव्हे. तरीही कोरड्या, तापलेल्या हवेत तो पानांवर बारीक पिवळे ठिपके पाडतो आणि खाली तलम जाळे विणतो. पालथ्या बाजूवर दोन-तीन दिवसांआड पाणी मारल्यास तो आटोक्यात राहतो. त्यावर गंधक वापरू नये, कारण काकडीवर्गीय वेलांची पाने गंधकाने, विशेषतः कडक उन्हात, होरपळतात.

*ठिपक्यांचे भुंगेरे.* इथे घाई करून चालत नाही, कारण एकसारखे दिसणारे दोन कीटक असतात आणि त्यातला एक आपला रखवालदार असतो. पाने खाणारा भुंगेरा निस्तेज तपकिरी-नारिंगी असतो, त्याच्या पाठीवर मखमलीसारखी बारीक लव असते, त्याची अळी पिवळी आणि फांद्याफांद्यांच्या काट्यांची असते, आणि तो शिरा सोडून मधला हिरवा भाग खरवडत असल्याने पान शिडीसारखे दिसते. मावा खाणारा ढालकिडा मात्र तकतकीत असतो, जणू वार्निश लावल्यासारखा. त्याची अळी करडी-काळी, लांबट आणि नारिंगी ठिपक्यांची असते. ही अळी दिसायला उग्र असल्यामुळे लोक तीच चिरडतात आणि पुढच्या आठवड्यात मावा का वाढला, असे विचारतात.

> इशारा: पानावर पिवळ्या-हिरव्या रंगाची नक्षी उमटली, पान आखडले आणि फळावर गाठी आल्या, तर तो विषाणूजन्य रोग आहे. मावा हा विषाणू काही सेकंदांच्या चाव्यातही सोडून जातो, त्यामुळे मावा मारूनही तो वेल बरा होत नाही. तसा वेल मुळासकट उपटून काढावा आणि त्याला लागलेला हात व कात्री धुतल्याशिवाय दुसऱ्या वेलाला लावू नये.

उत्तर अमेरिकेत बाग करणाऱ्या वाचकांसाठी एक भर. झुकिनी किंवा भोपळ्याचा वेल एकाएकी कोमेजला आणि खोडाच्या बुडाशी ओल्या भुशासारखी विष्ठा दिसली, तर आत खोड पोखरणारी अळी आहे. खोड धारदार पात्याने लांबीच्या दिशेने चिरावे, अळी काढावी आणि चिरेवर तसेच पुढच्या एक-दोन पेऱ्यांवर ओली माती लावावी. पेऱ्यांवर नवी मुळे फुटून वेल पुष्कळदा वाचतो.

टप्पा ५: जाळी काढण्याचा दिवस

आधी नर फुले येतात, तेव्हा जाळी काढण्याची घाई नको. ज्या फुलामागे इवलेसे फळ दिसते ते मादी फूल. पहिली मादी कळी उमलण्याच्या बेतात आली की जाळी काढावी किंवा निदान सकाळी उघडावी, कारण मधमाश्या आत आल्याशिवाय फळ धरत नाही. जाळी अजिबात काढायची नसेल, तर नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या बाजूला कराव्यात आणि परागकोष मादी फुलाच्या मधल्या भागावर हळुवार टेकवावा. काकडी आणि भोपळ्याची फुले सकाळी उमलतात आणि एकच दिवस टिकतात. दुधी आणि दोडक्याची फुले संध्याकाळी उमलतात, म्हणून त्यांचे काम संध्याकाळी करावे. परागीभवनाशिवाय फळ धरणारे काकडीचे वाण लावले असेल, तर जाळी शेवटपर्यंत ठेवता येते.

> तपासणी: बारकी फळे पिवळी पडून गळत असतील तर औषध आणण्यापूर्वी तीन-चार फळे उभी कापून पाहावीत. आत अळी, तपकिरी वाट किंवा सालीवर टोचल्याची खूण नसेल, तर बहुधा परागीभवन झालेले नाही. अशा वेळी फवारणी केल्यास उरल्यासुरल्या मधमाश्याही जातात आणि गळ वाढते.

टप्पा ६: फळमाशी

सर्वाधिक फळे हीच कीड नासवते आणि सर्वाधिक चुकाही हिच्याच बाबतीत होतात.

मादी कोवळ्या फळाची साल टोचून आत अंडी घालते. एक-दोन दिवसांत अंडी फुटतात, पांढऱ्या अळ्या गर खातात, आठवड्याभरात बाहेर पडून मातीत शिरतात आणि कोषातून नवी माशी निघते. या चक्रात आपला हात तीन ठिकाणी पोहोचतो: टोचण्यापूर्वीचे फळ, नासलेले फळ आणि नर माशी.

पहिले काम पिशवी बांधण्याचे. फुलाच्या पाकळ्या सुकल्या आणि फळ फुगू लागले की, म्हणजे फूल उमलल्यापासून दोन-तीन दिवसांत, पिशवी चढवावी. आठवड्याने बांधलेली पिशवी बहुधा अंड्यांसकटच बांधली जाते. पिशवी फळापेक्षा पुरेशी मोठी असावी. कापड सालीला घट्ट चिकटले तर माशी कापडातूनही टोचते. तोंड देठाभोवती चुणी घालून आवळावे, परंतु देठाला काच पडेल इतके नव्हे. पावसाळ्यात कागद भिजून फाटतो, तेव्हा पातळ कापड किंवा नायलॉनची जाळीदार पिशवी वापरावी. फळे कोवळी असतानाच, एक दिवसाआड तोडावीत. वेलावर राहून गेलेले प्रत्येक फळ माशीला एक जादा संधी देते.

दुसरे काम नासलेल्या फळांचे. वाकडे, डिंक आलेले, मऊ पडलेले आणि गळलेले प्रत्येक फळ त्याच दिवशी उचलावे. ते कंपोस्टच्या ढिगावर टाकणे किंवा वीतभर खड्ड्यात पुरणे म्हणजे माशीची पैदास आपल्या हाताने करणे होय, कारण अळीला मातीच हवी असते. अशी फळे जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधावे आणि पिशवी आठवडाभर कडक उन्हात ठेवावी. ऊन नसेल तर निदान ५०-६० सेंमी खोल पुरून वरची माती दाबून बसवावी.

तिसरे काम कामगंध सापळ्याचे, आणि इथे नावाचा घोटाळा होतो. काकडीवर्गीय वेलांवरील फळमाशीचे नर ‘क्यू ल्यूर’ या गंधाकडे येतात. आंब्याच्या फळमाशीसाठी वापरले जाणारे ‘मिथाइल युजेनॉल’ या माशीला खेचत नाही. त्या सापळ्यातही माश्या पडतात, म्हणून तो चालतो आहे असे वाटते, परंतु त्या दुसऱ्याच जातीच्या असतात आणि काकड्या नासतच राहतात. आवरणावरील नाव वाचूनच सापळा घ्यावा. तो पहिले मादी फूल येण्यापूर्वीच, वेलांच्या मधोमध नव्हे तर कडेला, जमिनीपासून सुमारे एक ते दीड मीटर उंचीवर सावलीत टांगावा आणि गंधाची वडी आवरणावर दिलेल्या मुदतीत बदलावी.

> इशारा: सापळ्यात फक्त नर अडकतात. शेजारून आलेली, आधीच मीलन झालेली मादी तुमच्या फळावर बसतेच. सापळा भरतो आहे म्हणून पिशव्या बांधणे थांबवू नये.

टप्पा ७: फवारणी, आणि तीही या क्रमाने

वरील कामे करूनही मावा किंवा पांढरी माशी वाढतच राहिली, तर फवारणी करावी. काकडी, भोपळा आणि कारले यांवर ती फुले मिटल्यावर, ऊन उतरल्यानंतर करावी. दुधी आणि दोडक्याची फुले तेव्हाच उमलू लागतात, म्हणून त्यांच्यावर पहाटे, मधमाश्या बाहेर पडण्यापूर्वी करावी आणि फुलांवर तुषार जाऊ देऊ नयेत.

प्रथम साबणाचे द्रावण. एक लिटर पाण्यात ५ मिलि साधा, सुगंध नसलेला द्रव साबण पुरतो. कपडे धुण्याची पावडर वापरू नये, तिने पाने जळतात. पाणी जड असेल तर साबण फाटून साका होतो आणि परिणाम राहत नाही. अशा वेळी पावसाचे साठवलेले पाणी वापरावे. हे द्रावण ज्या किडीला प्रत्यक्ष भिजवते तिलाच मारते. वरून हलका शिडकावा देणे व्यर्थ आहे. पालथी बाजू निथळेपर्यंत भिजली पाहिजे.

ते पुरले नाही तर निंबोळी तेल. ५ मिलि तेलात आधी १ मिलि साबण चांगला फेटावा, मग थोडे थोडे करून एक लिटर कोमट पाणी घालावे आणि द्रावण त्याच दिवशी संपवावे. उलट क्रमाने केल्यास तेल वर तरंगते, पंपातून आधी नुसते पाणी आणि शेवटी नुसते तेल येते, आणि शेवटच्या वेलाची पाने करपतात. याचा परिणाम पिलांवर आणि हळूहळू होतो. दुसऱ्या दिवशी कीड जिवंत दिसली म्हणून मात्रा दुप्पट करू नये. सहा-सात दिवसांनी त्याच मात्रेत पुन्हा फवारावे. भुंगेरे याने पटकन मरत नाहीत, फक्त त्यांचे खाणे कमी होते.

> तपासणी: कोणतेही द्रावण प्रथम दोन पानांवर मारून ४८ तास थांबावे. तापमान ३२ अंशांच्या वर असताना किंवा वेल पाण्यावाचून कोमेजलेला असताना साबण आणि तेल दोन्ही टाळावेत.

मुळावाटे झाडात भिनणारी आंतरप्रवाही कीटकनाशके, उदाहरणार्थ इमिडाक्लोप्रिड, घरच्या वेलांवर वापरू नयेत. ती परागात आणि मधुरसात उतरतात. शिवाय काकडी एक दिवसाआड तोडावी लागत असल्यामुळे फवारणी आणि तोडणी यांतील प्रतीक्षाकाळ पाळणे प्रत्यक्षात जवळजवळ अशक्य होते. मारक शक्ती जितकी व्यापक, तितके ढालकिडे आणि बारीक गांधीलमाश्या आधी मरतात, आणि दोन-तीन आठवड्यांनी लाल कोळी व मावा पूर्वीपेक्षा जोमाने परततात.

टप्पा ८: शेवटच्या तोडणीनंतरचे दोन दिवस

फळे येणे थांबले की वेल मांडवावर वाळत ठेवण्याची सवय असते. त्या अर्धमेल्या वेलावर मावा, पांढरी माशी आणि विसरलेल्या फळातील अळ्या सुखाने जगतात आणि शेजारच्या नव्या रोपांवर जातात. शेवटच्या तोडणीनंतर दोन दिवसांत वेल मुळासकट काढावा, किडलेला भाग पिशवीत बंद करून उन्हात ठेवावा, निरोगी भाग तेवढाच कंपोस्टमध्ये घालावा. वाफ्याची वरची माती १५ सेंमीपर्यंत हलवून आठवड्यातून एकदा अशी तीनदा उलथावी, म्हणजे वर आलेले कोष उन्हाने वाळतात आणि पक्षी ते वेचून नेतात. पिशव्या गरम साबणाच्या पाण्यात धुऊन वाळवाव्यात, जाळीला कुठे भोक पडले आहे का ते उजेडासमोर धरून पाहावे आणि त्याच वेळी शिवून टाकावे. कोणत्या वाफ्यात कोणता वेल होता, हे वहीत तारखेसह लिहून ठेवावे. पुढच्या पेरणीच्या वेळी टप्पा १ तिथूनच सुरू होतो.